पाइपलाइनच्या वाटेवरची पेवं

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकताना उत्खनन म्हणजे पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीचं, टेकाड हेरायचं, चौकोन आखायचे नि निवांत खणायचं. इंग्लंडमध्ये पाण्याच्या पाइपलाइनवर कामाला लागले तेव्हा ती चैन संपली. पाइप जाईल तोच पट्टा बघायचा, तोही चर पडायच्या आत. एरवी त्या शेतात कुणी कुदळसुद्धा मारली नसती.

बिनदात्यांच्या बकेटनं मशीन वरची माती खरवडत मागे सरकतं, मी समोर नजर लावून उभी. खाली पांढरीशुभ्र चुनखडी. तिच्यावर काळा गोल दिसला की हात वर करायचा. मशीन थांबतं आणि मुकादमाचा प्रश्न येतो, "किती वेळ?"

गोल बहुधा लोहयुगातल्या पेवाचा, म्हणजे धान्य साठवायच्या खड्ड्याचा निघतो. अर्धंच खणायचं, म्हणजे उभ्या छेदात थर दिसतात. फोटो, आरेखन, थराथराला नंबर, मग उरलेलं अर्धं. माती बादल्यांत भरून न्यायची. पाण्यात कालवली की जळके गहू-जव वर तरंगतात. पेवाचं तोंड निमुळतं, पोट फुगीर. मातीनं लिंपून बंद केलं की कडेचे दाणे मोड काढून आतला प्राणवायू संपवतात, बाकीचं धान्य टिकतं. इंग्लंडमधल्या बटसर या प्रयोगशेतावर पुरातत्त्वज्ञ पीटर रेनल्ड्स यांनी अशी पेवं भरून हे दाखवून दिलंय. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, असं आजी सांगायची, ते याच कोंडलेल्या हवेमुळे.

रिकाम्या पेवात कचरा, गुरांची हाडं, कधी माणूसही. माणसाचं हाड दिसलं की काम बंद. झाकायचं, कळवायचं, न्याय मंत्रालयाचा परवाना मागायचा, कायदा 1857चा! तोवर मशीन पुढच्या शेतात.

ऑक्सफर्डशरमधल्या चिल्ड्री वॉरनला अशाच पाइपलाइनच्या कामात लोहयुगातले आणि रोमन काळातले मिळून 26 सांगाडे निघाले. 2019मध्ये बातम्या झळकल्या, त्या पावलं तोडलेल्या बाईच्या. आमच्या पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन दफनांतही मोठ्या माणसांची पावलं घोट्याखाली तोडलेली आहेत, हे मी जेवणाच्या सुट्टीत सांगितलं, तर सगळ्यांचे सँडविच हातातच राहिले. दोन्हींचा एकमेकांशी संबंध काही नाही. मला विचाराल तर सांगाड्यांपेक्षा दाणेच जास्त बोलतात, पण दाण्यांची बातमी कोण छापणार?

परवाना आला, हाडं निघाली, पट्टा पाइपवाल्यांच्या ताब्यात गेला. अहवाल अजून व्हायचाय. दाणे निवडणाऱ्या सहकारिणीपुढे बादल्यांची रांग आहे.