वाइकिकी: आधी कालवा, मग किनारा

हवाईतल्या होनोलुलूला पोचलेला माणूस हॉटेलात सामान टाकतो आणि तडक समुद्राकडे पळतो. मी म्हणेन, आधी मागच्या बाजूच्या अला वाइ कालव्यावर जा. आजचं वाइकिकी, म्हणजे शहराचा हा समुद्रकाठचा हॉटेलांचा भाग, या कालव्यानेच घडवलंय.

पूर्वी ही सगळी पाणथळ जमीन. मकिकी, मनोआ आणि पालोलो या ओढ्यांचं पाणी डोंगरातून येऊन इथे पसरायचं. त्यावर अळूचे वाफे आणि मासे पाळायची तळी. होनोलुलू ज्या बेटावर आहे त्या ओआहूच्या राजांचा मुक्कामही इथेच असे. अळू म्हणजे आपलंच, फक्त तिकडे मोठा मान कंदाला: तो शिजवून, कुटून पोई करतात. पानं नारळाच्या दुधात शिजवतात, म्हणजे फतफत्याचा चुलतभाऊच. पुढे चिनी शेतकऱ्यांनी भात लावला, बदकं पाळली. १९०१ मध्ये मोआना हॉटेल ७५ खोल्यांनिशी उघडलं, तेव्हाही मागे खाचरंच होती. त्याच्या अंगणातला १९०४ साली लावलेला वड आजही आहे. तोही मूळचा भारतातला, पारंब्यांसकट. आत जाऊन बघायला पैसे पडत नाहीत.

मग डास आणि रोगराईचं कारण पुढे झालं. १९२१ ते १९२८ या काळात कालवा खोदला, तिन्ही ओढे त्यात वळवले, उपसलेल्या गाळाचा आणि प्रवाळाचा भराव घातला. शेती गेली, प्लॉट पडले. १९२७ मध्ये गुलाबी रॉयल हवाईयन हॉटेल उभं राहिलं ते बोटीने येणाऱ्या श्रीमंतांसाठी. १९५९ मध्ये हवाई अमेरिकेचं राज्य झालं, त्याच सुमारास जेट विमानं आली आणि उंच इमारतींची रांग लागली.

डोंगरातलं पाणी पूर्वी पसरून, मुरून समुद्रात जायचं. आता शहराचा कचरा आणि चिखल घेऊन ते पश्चिमेकडच्या एकाच मुखातून बाहेर पडतं. २००६ च्या पावसात सांडपाण्याची मोठी वाहिनी फुटली तेव्हा सुमारे १८ कोटी लिटर मैलापाणी या कालव्यात सोडावं लागलं. म्हणून जोराचा पाऊस झाला की समुद्राचा रंग बघा. तपकिरी असेल तर निवळेपर्यंत पाण्यात उतरू नका, अंगावर जखम असेल तर मुळीच नाही.

वाळूचंही तसंच. हॉटेलांनी आपापली जागा राखायला भिंती बांधल्या, लाटा त्यांवर आपटून परतताना वाळू ओढून नेऊ लागल्या. तेव्हापासून बाहेरून वाळू आणून टाकणं चालूच आहे. २०१२ मध्ये किनाऱ्यापासून सुमारे ६०० मीटर आतल्या तळातून १८,००० घनमीटर वाळू पंपाने खेचून पसरली. काही वर्षांत पुन्हा तेच काम निघालं.

पोहता येत नसेल किंवा बरोबर मुलं असतील तर कुहिओ बीच बरा. तिथे पाण्यातल्या भिंतीमुळे लाट अडते. पण त्या भिंतीवर चालू नका, शेवाळाने पाय हमखास सटकतो. सर्फिंग शिकायला ‘कनूज’ नावाची जागा सोयीची: लाट लांब आणि संथ. मोठ्या लाटा साधारण मे ते सप्टेंबरमध्ये, दक्षिण गोलार्धातल्या वादळांमुळे येतात. फळीवरून पाण्यात पडताना मात्र उडी मारू नका, सरळ आडवं पडा; खाली प्रवाळ आहे आणि पाणी उथळ. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही प्रवाळाला घातक रसायनं असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर २०२१ पासून बंदी आहे, तेव्हा झिंक ऑक्साइडचं घ्या.

राहिली बॉक्स जेलीफिश, म्हणजे लांब तंतूंनी डंख करणारा पारदर्शक समुद्री जीव. पौर्णिमेनंतर ८ ते १२ दिवसांनी ती किनाऱ्याला येते, म्हणजे आपल्या हिशेबाने वद्य अष्टमी ते द्वादशी. तिकीट काढतानाच कॅलेंडर उघडा. हवाई भारताच्या साडेपंधरा तास मागे आहे, त्यामुळे तिथी एखाद्या दिवसाने सरकते. डंख झालाच तर चोळू नका, वाळू लावू नका. व्हिनेगर ओता, तंतू अलगद उचला आणि मग सोसेल इतक्या गरम पाण्याने शेका. त्या दिवसांत जीवरक्षक फलक लावतात; फलक दिसला की पोहायचं हॉटेलच्या तलावात.