अक्षराचा आकार आणि अक्षराचा रेखीवपणा: लॅपटॉपची स्क्रीन निवडतानाचा माझा अनुभव

मराठी मजकुराचे मुद्रितशोधन हे माझे रोजचे काम आहे. दिवसाचे सहा-सात तास लॅपटॉपच्या स्क्रीनवरची अक्षरे वाचण्यात जातात, आणि घ आहे की ध, भ आहे की म, थ आहे की य, एवढ्याशा फरकावर माझ्या कामाची अचूकता अवलंबून असते. जुना लॅपटॉप बदलायची वेळ आली तेव्हा प्रोसेसर आणि मेमरी यांचा निर्णय मी एका संध्याकाळी उरकला; स्क्रीनच्या रेझोल्यूशनसाठी, म्हणजे तिच्यावर आडवे आणि उभे किती पिक्सेल (चित्र घडवणारे बारीक ठिपके) असावेत हे ठरवायला, मात्र जवळजवळ दीड महिना घेतला, आणि तो वेळ वाया गेला असे मला अजूनही वाटत नाही.

जुना लॅपटॉप १५.६ इंची होता आणि त्याचे रेझोल्यूशन १३६६ × ७६८ होते, म्हणजे दर इंचाला साधारण १०० पिक्सेल. त्यावर अक्षरे पुरेशी मोठी दिसत, पण त्यांच्या कडा खडबडीत असत; ‘राष्ट्रीय’मधले जोडाक्षर किंवा ‘उद्ध्वस्त’मधली अक्षरांची उतरंड मजकूर मोठा केल्याशिवाय नीट ओळखू येत नसे. मध्यंतरी एका कामापुरता १४ इंची, १९२० × १०८० रेझोल्यूशनचा लॅपटॉप माझ्याकडे आला. त्यावरची अक्षरे रेखीव होती, पण इतकी बारीक की वाचताना मान नकळत पुढे जाई आणि संध्याकाळपर्यंत कपाळ ठणकू लागे. उपाय म्हणून मी सेटिंगमध्ये जाऊन रेझोल्यूशनच १३६६ × ७६८ करून टाकले. अक्षरे मोठी झाली खरी, पण सगळ्या मजकुरावर पातळ धुके पसरल्यासारखे दिसू लागले, आणि डोळ्यांचा त्रास आधीपेक्षा वाढला.

असे का होते, हे समजून घेतल्यावर पुढचा सगळा विचार सरळ झाला. लॅपटॉपच्या स्क्रीनवरचे पिक्सेल कारखान्यातच कायमचे ठरलेले असतात. सेटिंग बदलल्याने त्यांची संख्या बदलत नाही. १९२० पिक्सेलच्या रुंदीवर १३६६ पिक्सेलचे चित्र ताणले, की चित्रातल्या एका पिक्सेलच्या वाट्याला सुमारे १.४ खरे पिक्सेल येतात. अर्धामुर्धा पिक्सेल उजळता येत नसल्यामुळे त्याचा रंग शेजाऱ्यांमध्ये वाटला जातो, आणि काळ्या अक्षराची कड करडी होते. म्हणून स्क्रीन नेहमी तिच्या मूळ रेझोल्यूशनवरच ठेवायची आणि अक्षरे मोठी करण्यासाठी स्केलिंग वापरायचे, हे मी त्या दिवसापासून पक्के केले. स्केलिंगमध्ये ऑपरेटिंग सिस्टीम तेच अक्षर जास्त पिक्सेल वापरून नव्याने रेखाटते, त्यामुळे ते मोठेही होते आणि रेखीवही राहते.

यातून मला माझी मूळ चूक कळली. ‘कोणते रेझोल्यूशन डोळ्यांना बरे’ या एका प्रश्नात मी दोन वेगळे प्रश्न गुंडाळले होते. अक्षर किती मोठे दिसेल हे स्केलिंगवर ठरते, आणि ते किती रेखीव दिसेल हे दर इंचातल्या पिक्सेलवर. विंडोजमध्ये १०० टक्के स्केलिंग हे इंचाला ९६ पिक्सेल आहेत असे धरून चालते. त्या १४ इंची स्क्रीनवर इंचाला १५७ पिक्सेल होते, म्हणजे १०० टक्क्यांवर अक्षर अपेक्षित आकाराच्या जेमतेम ६१ टक्के उरत होते. माझी मान पुढे का जात होती याचे उत्तर या एका भागाकारात होते. तेच स्केलिंग १५० टक्के केले असते तर आकार ९२ टक्क्यांपर्यंत आला असता आणि रेझोल्यूशनला हात लावावा लागला नसता.

मग मी हाच हिशेब मनात असलेल्या प्रत्येक स्क्रीनसाठी कागदावर मांडला, आणि त्यात जे दिसले त्याने माझा निर्णयच फिरवला. तोवर माझी समजूत अशी होती की रेझोल्यूशन वाढले की कामाला जागा वाढते आणि दोन मजकूर शेजारीशेजारी ऐसपैस बसतात. पण १९२० × १२०० ची स्क्रीन १५० टक्क्यांवर चालवली तर प्रत्येक गोष्ट दीडपट जागा घेते, म्हणून वापरण्याजोगी जागा १२८० × ८०० एवढी उरते, आणि २५६० × १६०० ची स्क्रीन २०० टक्क्यांवर चालवली तरीही ती नेमकी १२८० × ८०० च असते. दोन्ही स्क्रीन १४ इंची असतील तर अक्षराचा आकारही सारखाच असतो. बदलतो तो फक्त रेखीवपणा. अक्षर वाचण्याजोगे ठेवायचे हे एकदा ठरले, की जागा इंचांतून मिळते, पिक्सेलमधून नाही. हे ध्यानात आल्यावर मी १४ इंची पर्याय बाजूला ठेवले आणि वजन थोडे जास्त पत्करून १६ इंची स्क्रीनकडे वळले.

राहिला प्रश्न रेखीवपणाचा. सामान्य निरोगी दृष्टीला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतक्या कोनातले बारकावे वेगळे दिसतात असे मानले जाते. मी टेप घेऊन माझे डोळे आणि स्क्रीन यांतले अंतर मोजले, ते ५५ सेंटीमीटर भरले. या अंतरावर तो कोन सुमारे ०.१६ मिलिमीटर होतो. १६ इंची स्क्रीनवर १९२० × १२०० रेझोल्यूशन असेल तर एक पिक्सेल ०.१८ मिलिमीटरचा पडतो, म्हणजे मर्यादेच्या किंचित वर. २५६० × १६०० असेल तर ०.१३ मिलिमीटरचा, म्हणजे मर्यादेच्या आत. आणि ३८४० × २४०० असेल तर ०.०९ मिलिमीटरचा. यातली शेवटची स्क्रीन दुसरीपेक्षा सव्वादोनपट पिक्सेल बाळगते, पण माझ्या अंतरावरून तो फरक डोळ्यांपर्यंत फारसा पोचत नाही. पिक्सेल जितके दाट, तितका मागच्या दिव्याचा प्रकाश त्यांच्यातून कमी बाहेर येतो, त्यामुळे तेवढ्याच उजेडासाठी बॅटरी जास्त खर्च होते, हेही त्या पर्यायाच्या विरोधात गेले.

आकडेमोडीवर मात्र मी पूर्ण विसंबले नाही, कारण एका सरळ रेषेतली खाच आपली नजर या मर्यादेपेक्षाही सूक्ष्म असली तरी ओळखते, आणि देवनागरीत शिरोरेषा तर प्रत्येक शब्दावर असते. म्हणून मी एका पानावर ‘ऱ्हस्व, द्वंद्व, शृंगार, कृतज्ञ, उद्ध्वस्त, राष्ट्रीय’ असे शब्द आणि त्याखाली घ-ध, भ-म, थ-य, ब-व अशा जोड्या उलटसुलट क्रमाने लिहिल्या. अक्षरांचा आकार मी रोज वाचते तोच ठेवला. हे पान घेऊन मी परिचितांच्या दोन लॅपटॉपसमोर आणि विक्रीसाठी मांडलेल्या तीन लॅपटॉपसमोर बसले. प्रत्येक वेळी स्केलिंग असे लावले की पट्टीने मोजल्यावर अक्षराची उंची सारखी भरेल, आणि मग सलग वीस मिनिटे वाचले. वीस मिनिटांचा आग्रह मी मुद्दाम धरला होता, कारण पहिल्या दोन मिनिटांत प्रत्येक नवी स्क्रीन सुंदरच दिसते. १९२० × १२०० वर जोड्या ओळखू आल्या, पण अनुस्वार आणि रफार यांच्याकडे दोनदा पाहावे लागले. २५६० × १६०० वर ते पहिल्या नजरेत दिसले. त्याहून दाट स्क्रीनवर मला वेगळे काही जाणवले नाही. ज्यांना दिवसातून तासभर पत्रव्यवहार आणि व्हिडिओ एवढेच पाहायचे आहे, त्यांना १९२० × १२०० खरोखर पुरेसे आहे असे माझे मत त्याच वेळी झाले. माझ्या कामासाठी मात्र मी २५६० × १६०० निवडले.

स्क्रीनच्या रुंदी-उंचीच्या प्रमाणाचा विचारही यातच झाला. १६:९ पेक्षा १६:१० ची स्क्रीन उंचीला जास्त असते, आणि लांब मजकूर वाचताना दोन-तीन ओळी अधिक दिसणे हे मला रुंदीपेक्षा मोलाचे वाटते.

नवा लॅपटॉप आल्यावर स्केलिंग आधी २०० टक्के होते. चार दिवसांनी मी ते १७५ टक्क्यांवर आणले. त्यामुळे कामाची जागा सुमारे १४६३ × ९१४ झाली आणि दोन मजकूर शेजारीशेजारी बसू लागले. अक्षर जुन्या लॅपटॉपपेक्षा थोडे लहान आहे, पण रेखीवपणामुळे ते वाचायला सोपे जाते. एक अडचण आली: शब्दकोशाचा एक जुना प्रोग्रॅम धूसर दिसू लागला, कारण तो स्केलिंगची पद्धत रूढ होण्यापूर्वीचा असल्याने विंडोज त्याचे चित्र नुसते ताणत होती. त्या प्रोग्रॅमच्या गुणधर्मांमध्ये सुसंगततेच्या विभागात जास्त घनतेच्या स्क्रीनसाठीची सेटिंग बदलल्यावर तो बराच सुधारला.

घरी मी २४ इंची, १९२० × १०८० चा वेगळा मॉनिटरही जोडते. त्यावर इंचाला ९२ पिक्सेल असल्याने त्याचे स्केलिंग १०० टक्केच ठेवले आहे. प्रत्येक स्क्रीनला आपापले स्केलिंग देता येते, त्यामुळे खिडकी इकडून तिकडे सरकवली तरी अक्षराच्या आकारात फार तफावत पडत नाही. रेखीवपणातला फरक मात्र आता लगेच जाणवतो, म्हणून संदर्भाचा मजकूर मी मॉनिटरवर उघडते आणि शेवटचे वाचन लॅपटॉपच्याच स्क्रीनवर करते.