अर्धी विणलेली चादर आणि नवे नियम

गेले सात महिने आमची डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाची कॅम्पेन, म्हणजे बैठकांमागून बैठका पुढे चालणारी एकच कथा, थांबलेली आहे. त्याआधी जवळजवळ दोन वर्षे आम्ही सहा जण दर रविवारी दुपारी सोलापूरच्या पूर्व भागात, एका मित्राच्या यंत्रमागांच्या शेडवर असलेल्या खोलीत, सतरंजीवर गोल करून बसत होतो. मग एकाची पुण्याला बदली झाली, एकीच्या घरी बाळ आले, आणि दोन रविवारांची म्हणून घेतलेली सुट्टी लांबत गेली. आता पुण्याचा मित्र महिन्यातून दोनदा शनिवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने यायला तयार आहे आणि बाळाची आजीही रविवारची दुपार सांभाळायला राजी आहे. बसायचे हे नक्की झाले; मात्र कोणत्या नियमांनी बसायचे, यावर तीन आठवडे आमची चर्चा चालू होती.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, एक जण जगाचे वर्णन करतो, बाकीचे त्या जगातील एकेका पात्राच्या वतीने निर्णय घेतात, आणि जिथे यश अनिश्चित असते तिथे वीस बाजूंचा फासा टाकला जातो. खेळ 1974 चा आहे. आम्ही वापरत होतो ते नियम 2014 मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीचे. त्याच आवृत्तीचे सुधारित नियम 2024 मध्ये खेळाडूंच्या पुस्तकापासून येऊ लागले आणि राक्षसांचे पुस्तक 2025 च्या फेब्रुवारीत आले. तेव्हा आमची कथा ऐन मध्यावर होती, म्हणून आम्ही तिकडे वळलो नाही. सुट्टीत मात्र मी ती पुस्तके सावकाश वाचून काढली आणि जग चालवणारा या नात्याने मला त्यांतील बरेच काही मनापासून पटले.

पहिला मोठा मुद्दा आमच्या पॅलाडिनचा, म्हणजे दैवी शक्ती असलेल्या योद्ध्याच्या पात्राचा. जुन्या नियमांत पॅलाडिनचा वार लागला की त्यात मंत्राचा स्लॉट (मंत्र वापरण्याच्या मोजक्या संधींपैकी एक) खर्च करून दैवी तेज मिसळता येते, आणि एका पाळीत दोन वार लागले तर दोन्ही वेळा. नव्या नियमांत ते तेज हाच एक मंत्र झाला असून त्याला बोनस ॲक्शन, म्हणजे पाळीत एकदाच मिळणारी छोटी जादा कृती, लागते. म्हणजे एका पाळीत एकदाच. मला हा बदल हवा होता. मोठ्या लढाईतील मुख्य शत्रू पहिल्याच फेरीत कोसळू नये म्हणून मी सुट्टीआधी वर्षभर त्याचे हिट पॉइंट (तो किती मार सोसू शकतो तो आकडा) कोणाला न सांगता वाढवत होतो, आणि त्यामुळे बाकी चौघांचे वार हलके ठरत होते. ते अन्यायाचे होते, आणि नवा नियम तो अन्याय मुळातच दूर करतो.

पण मागच्या उन्हाळ्यातली एक दुपार मला विसरता येत नाही. दरीवरच्या पुलावर मृतांच्या सरदाराशी शेवटची झुंज चालू होती आणि वीज गेली. खालचे माग एकदम थांबले, खोलीत एवढी शांतता पसरली की फरशीवर घरंगळणाऱ्या फाशाचा आवाज स्पष्ट ऐकू येऊ लागला. सरदाराचे 54 हिट पॉइंट शिल्लक होते. पॅलाडिन सहाव्या लेव्हलची, तिच्याकडे दुसऱ्या पातळीचे दोनच स्लॉट. तिचे दोन्ही वार लागले आणि तिने दोन्ही स्लॉट त्याच पाळीत खर्च केले. शत्रू मृतयोनीतला असल्यामुळे प्रत्येक वाराला तेजाचे चार फासे, म्हणजे एकूण आठ. आमच्याकडे आठ बाजूंचे फासे तीनच होते, म्हणून मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात ते पुन्हा पुन्हा टाकावे लागले आणि प्रत्येक वेळी आकडा कोणीतरी मोठ्याने मिळवत होते. बेरीज 57 झाली. पंखे बंद होते, सगळे घामाने निथळत होते, आणि तरी दोन मिनिटे कोणी जागचे हलले नाही.

नव्या नियमांत ती पाळी घडूच शकत नाही. तीच पात्रे, तीच लेव्हल, फक्त नियम नवे, असे करून पुढे निघालो तर आमच्या पॅलाडिनला जो पराक्रम आठवतो तो तिच्या हातून आता कधीच होणार नाही, आणि जगात तसे काहीच घडलेले नसेल ज्यामुळे तिची शक्ती कमी झाली. मला हे खेळाडूशी केलेला करार मोडण्यासारखे वाटते. एक्झॉशनचेही तसेच आहे. पूर्वी थकव्याच्या प्रत्येक पायरीला वेगळा दंड होता आणि चौथ्या पायरीला कमाल हिट पॉइंट निम्मे होत. आता प्रत्येक पायरीला फाशातून 2 वजा होतात आणि चाल 5 फुटांनी घटते. नवी पद्धत लक्षात ठेवायला सोपी आहे. परंतु वाळवंट ओलांडताना आमच्या मार्गदर्शकाचे अर्धे बळ गेले होते, आणि त्याला मागे ठेवण्याचा निर्णय आम्ही त्याच जुन्या चौथ्या पायरीमुळे घेतला होता.

उलट, मागवाल्या मित्राला नव्या नियमांनी फार आनंद दिला. त्याचे पात्र ड्वॉर्फ, म्हणजे बुटक्या, काटक लोकांच्या जातीचा विणकर, पुढे योद्धा झालेला. जुन्या नियमांत त्याच्या काटकपणाचे 2 गुण ड्वॉर्फ म्हणून जन्मल्याबद्दल मिळत, आणि कारागिरीतून मिळत ती कौशल्ये, अवजारे वगैरे. शरीराच्या गुणांत तिचा वाटा नव्हता. नव्या नियमांत मूळ गुणांतील वाढ जन्मावरून ठरत नाही, पूर्वीच्या व्यवसायावरून ठरते, आणि कारागिराला ताकद, चपळाई व बुद्धी यांत ती घेता येते. त्याच्या घरात तीन पिढ्या मागावर गेल्या आहेत. तो म्हणाला, “तुटलेला धागा जोडणारी बोटं जन्मानं येत नाहीत, कामानं येतात. पुस्तकाला हे आत्ता कळलं.” त्याचे म्हणणे मला शंभर टक्के मान्य आहे, आणि केवळ या एका कारणासाठीही मी नवे नियम घेतले असते.

म्हणजे दोन्ही बाजू खऱ्या होत्या आणि आम्ही तिथेच अडकलो होतो. शेवटच्या चर्चेच्या वेळी मित्राचे वडील कसलेसे बिल शोधायला वर आले होते. त्यांना खेळातले काही ठाऊक नाही, पण “मध्येच नियम बदलायचे का” एवढे ऐकून त्यांनी विचारले, “चालू आहे ती पुरी झाली का?” मी म्हटले, “नाही काका, थोडी राहिली आहे.” त्यावर ते म्हणाले, “मग अर्ध्या चादरीवर जकार्डचे पुठ्ठे बदलत नसतात बाळा. आहे ती पुरी काढायची, कापायची, मग नवी नक्षी लावायची. ताणा तोच चालतो.” आणि बिल घेऊन खाली गेले. (जकार्डचे पुठ्ठे म्हणजे मागावर नक्षी ठरवणारे छिद्रांचे पुठ्ठे, आणि ताणा म्हणजे उभे धागे.)

निर्णय त्याप्रमाणेच झाला. सध्याच्या कथेत किल्ल्याचा वेढा तेवढा उरला आहे. तो आम्ही 2014 च्या नियमांनी, त्यांतल्या सगळ्या उणिवांसह, संक्रांतीपूर्वी तीन बैठकांत पूर्ण करू. संक्रांतीची सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उरकली की नवी पात्रे, पहिली लेव्हल, 2024 चे नियम. जग मात्र हेच, वीस वर्षांनंतरचे, जिथे पुलावर काय घडले ते लोक एकमेकांना सांगत असतील. विणकराच्या मुलीचे पात्र मित्राने आत्ताच लिहायला घेतले आहे.

पॅलाडिनने काल कळवले की दुसऱ्या पातळीचे दोन्ही स्लॉट ती वेढ्याच्या शेवटच्या लढाईसाठी राखून ठेवणार आहे. त्या लढाईतील शत्रूचे हिट पॉइंट मी पुस्तकात दिले आहेत तेवढेच ठेवले आहेत.