अध्यक्षांच्या फोनवर कोरं पान

"मॅडम, नुसतं कोरं पान दिसतंय."

पतसंस्थेच्या अध्यक्षांचा हा फोन आल्यावर मी उलट विचारलं, "नेट आहे ना?" डेव्हलपर पहिल्यांदा हेच विचारतो आणि नेट हटकून चालू असतं.

ही गोष्ट ऑगस्ट २०२३ ची. एका तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेसाठी सभासद अर्जाचं पान केलं होतं. देण्याआधी ते क्रोम, एज, ब्रेव्ह आणि फायरफॉक्स या ब्राउझरांमध्ये उघडून पाहिलं, अक्षरं कुठे तुटतात का, रकाने कुठे सरकतात का, सगळं ताडलं आणि तक्त्यात चार हिरव्या खुणा केल्या. ॲपलची सफारी राहिली, कारण माझ्याकडे मॅक नाही. चारमध्ये चाललं म्हणजे पाचव्यात चालेलच, असा हिशोब.

अध्यक्षांचा फोन आयफोन ७, मुलाने नवा घेतल्यावर त्यांच्याकडे आलेला. मी म्हटलं, क्रोम टाकून बघा. नातवाने टाकून दिलं. पुन्हा कोरं. तिथेच माझी ट्यूब पेटायला हवी होती. त्या वेळी आयफोनवरचं क्रोम नावालाच क्रोम. आत पान काढणारं इंजिन ॲपलचं वेबकिटच. (दुसरं इंजिन वापरायची मुभा मार्च २०२४ मध्ये आयओएस १७.४ बरोबर आली, तीही फक्त युरोपीय संघात.)

मग सहकाऱ्याचा मॅकबुक उसना घेतला आणि शनिवारी एसटीने गाव गाठलं. परतीची गाडी सहाची. फोनच्या सेटिंगमध्ये वेब इन्स्पेक्टर (पानातल्या चुका बघायचं साधन) चालू केला, केबल जोडली, मॅकवरच्या सफारीतून पान उघडलं. कन्सोलमध्ये, म्हणजे चुका दिसतात त्या चौकटीत, एकच लाल ओळ: इनव्हॅलिड रेग्युलर एक्स्प्रेशन, इनव्हॅलिड ग्रुप स्पेसिफायर नेम. (रेग्युलर एक्स्प्रेशन, थोडक्यात रेजेक्स, म्हणजे मजकुरातला नमुना जुळवायचं सूत्र. ग्रुप म्हणजे त्यातला कंसातला भाग.) माझ्या कोडमध्ये ग्रुपला नाव दिलेलं कुठेच नव्हतं. अर्धा तास मी नाव शोधत बसले आणि अध्यक्ष चहा मागवत राहिले.

दोष निघाला तो रकमेत लाख-कोटीचे स्वल्पविराम घालणाऱ्या माझ्याच रेजेक्समध्ये. त्यात लुकबिहाइंड वापरलं होतं, म्हणजे 'मागे अमुक असेल तरच जुळव'. ते माहीत नसलेल्या इंजिनाला कंस, प्रश्नचिन्ह आणि 'पेक्षा लहान'ची खूण ओळीने दिसली की वाटतं, ग्रुपचं नाव सुरू झालं. पुढे नाव सापडत नाही, म्हणून ते त्याबद्दल तक्रार करतं. सीएसएसमधली, म्हणजे पानाच्या सजावटीच्या भाषेतली, न कळलेली ओळ ब्राउझर मुकाट्याने सोडून देतो. पण जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे पान चालवणाऱ्या कोडमध्ये, व्याकरण चुकलं की अख्खी फाइल नाकारली जाते, पहिली ओळसुद्धा चालत नाही. माझं सगळं पान त्या एका फाइलीतून उभं राहत होतं.

लुकबिहाइंड क्रोममध्ये २०१७ पासून आहे, फायरफॉक्समध्ये २०२० पासून. सफारीत आलं मार्च २०२३ मध्ये, १६.४ आवृत्तीत. आयफोनवर सफारी आयओएसबरोबरच अपडेट होते आणि आयफोन ७ आयओएस १५ च्या पुढे जात नाही. म्हणजे 'अपडेट करा' म्हणायचीही सोय नाही.

मग माझ्या त्या चार हिरव्या खुणांचं काय? ब्रेव्ह क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्याच मूळ गाभ्यावर. एजचं स्वतःचं इंजिन मायक्रोसॉफ्टने सोडून दिलं आणि जानेवारी २०२० मध्ये क्रोमियमवरचं एज आणलं. फायरफॉक्स तरी वेगळा म्हणावा, तर फायरफॉक्स ७८ पासून त्याच्या रेजेक्सचं इंजिनही क्रोमच्या व्ही-एट या जावास्क्रिप्ट इंजिनातून घेतलेलं. रेजेक्सपुरते माझे चारही ब्राउझर एकाच घरचे निघाले! एकाच माणसाला चारदा साक्षीला उभं केल्यासारखं.

रेजेक्स काढून टाकला. ब्राउझरमध्ये आकडे मांडायची सोय आधीपासूनच आहे. तिला भाषा मराठी सांगितली की १२,३४,५६७ असं, स्वल्पविरामांसकट देवनागरीत येतं. आधीच हे का केलं नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पान उघडलं. अध्यक्ष खूश. "आकडे मराठीत आले, हे झकास."

मग त्यांनी फोनचा मराठी कीबोर्ड काढला आणि भागांच्या (शेअर्सच्या) संख्येत ५० लिहिलं. खाली लाल अक्षरांत आलं: फक्त अंक लिहा.

"मग हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

जावास्क्रिप्टच्या रेजेक्समध्ये अंकाची खूण फक्त इंग्रजी आकडे ओळखते, आणि याबाबतीत मात्र सगळ्या ब्राउझरांचं एकमत आहे. देवनागरी आकडे आधी इंग्रजीत बदलून मग तपासायला हवेत. मी पुन्हा लॅपटॉप उघडला. सहाची एसटी चुकली.