अळ्या पडलेली जखम: पावसाळ्यात गल्लीतल्या कुत्र्यासाठी

पाऊस स्थिरावला की रेस्क्यूच्या फोनवर येणाऱ्या तक्रारी बदलतात. उन्हाळ्यात उष्माघात असतो, गाडीच्या धडका वर्षभर चालूच असतात. पण जूनच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येतं: "कुत्र्याला किडे पडलेत, वास येतोय, जवळ जाववत नाही." फोटो बघवत नाही हे खरं. तरीही रस्त्यावरच्या कुत्र्यांना होणाऱ्या दुखण्यांमध्ये दिसायला सर्वांत भयानक आणि वेळेत हात घातला तर हमखास बरं होणारं दुखणं हेच आहे. यात कुत्री दगावतात ती मुख्यतः दोन कारणांनी. एक तर तीन-चार दिवस कुणाचं लक्षच जात नाही, नाहीतर कुणीतरी कळवळून जखमेत फिनाईल ओततं.

आधी हे घडतं कसं ते समजून घ्या, म्हणजे पुढची प्रत्येक पायरी का करायची ते कळेल. माशी ओल्या जखमेच्या कडेला अंडी घालते. केसांना चिकटलेले पांढरट-पिवळे बारीक पुंजके, रवा सांडल्यासारखे दिसतात. साधारण १२ ते २४ तासांत त्यातून अळ्या निघतात आणि डोकं आत खुपसून जिवंत मांस खायला लागतात. त्यांची श्वास घ्यायची छिद्रं शेपटाकडे असतात, म्हणून जखमेत बघितलं की टोकंटोकं वळवळताना दिसतात. पाच ते सात दिवसांत त्या पोसतात, खाली गळून मातीत जातात आणि तिथे त्यांच्या माश्या होतात. म्हणून काढलेल्या अळ्या रस्त्यावर टाकायच्या नाहीत. उकळत्या पाण्याच्या किंवा फिनाईलच्या डब्यात टाकायच्या. फिनाईलची जागा तिथे, डब्यात.

बाहेरून भोक शेंगदाण्याएवढं दिसतं आणि आत मुठीएवढी पोकळी असते, ही या जखमेची लबाडी. त्यामुळे आकारावरून अंदाज बांधू नका. खुणा वेगळ्या असतात. कुत्रं सारखं डोकं झटकतं किंवा मान एका बाजूला कलती ठेवतं. शेपटीच्या मुळाशी दातांनी कुरतडतं. गाडीखाली, जिन्याखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसतं आणि खायला बाहेर येत नाही. एका जागचे केस ओले, चिकट, तपकिरी लाल पाण्याने माखलेले दिसतात. आणि वास. सडका, पण त्यात गोडसर झाक असलेला हा वास एकदा ओळखीचा झाला की दहा फुटांवरून कळतो. नेहमी सापडणाऱ्या जागा म्हणजे कानाची मागची बाजू, मानेवरचे चावे, पायाच्या बोटांच्या बेचक्या, गुदद्वाराभोवतीचा भाग आणि पट्ट्याखालची मान. पिल्लाच्या गळ्यात कुणीतरी प्रेमाने पट्टा बांधतं, पिल्लू वाढतं, पट्टा वाढत नाही. तो कातडीत रुतून गोल जखम करतो आणि वरून केस असल्यामुळे महिनाभर कुणाला पत्ता लागत नाही. रिफ्लेक्टिव्ह पट्टा रात्रीच्या अपघातांसाठी चांगलाच आहे, पण दोन बोटं सहज आत गेली पाहिजेत, आणि सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला बांधलात तर दर पंधरा दिवसांनी सैल करायची जबाबदारी तुमची.

हात लावण्याआधी पाच मिनिटं लांब उभं राहून कुत्र्याकडे बघा. चाल लटपटती आहे का, आवाज घोगरा झालाय का, काहीही कारण नसताना समोर येईल त्याला चावतंय का, खालचा जबडा लोंबतोय आणि लाळ गळतेय का? यातलं एक जरी दिसलं तरी जखम बाजूला राहू द्या, रेबीजची शंका घ्या, लोकांना लांब ठेवा आणि महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला कळवा. लोंबणारा जबडा बघून घशात हाड अडकलंय असं वाटतं आणि माणसं तोंडात हात घालतात. ही चूक जिवावर बेतणारी आहे. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य आजारातही झटके येतात, लाळ गळते. त्यातला फरक रस्त्यावर उभं राहून सांगता येत नाही, म्हणून सांगायचा प्रयत्नही करू नका.

कुत्री हाताळणाऱ्या प्रत्येकाने रेबीजची आगाऊ लस घेतलेली हवी: ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी, अशी तीन इंजेक्शनं (० म्हणजे पहिल्या इंजेक्शनचा दिवस). ती घेतलेली असली तरी चावा बसल्यावर ० आणि ३ या दिवशी दोन डोस घ्यावेच लागतात. लस न घेतलेल्याला दंडात घ्यायची असेल तर ०, ३, ७, १४, २८ असा क्रम असतो, आणि जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेतच इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे तयार प्रतिपिंडं, भरतात. दवाखान्यात निघण्याआधी चाव्याची जागा साबण लावून नळाच्या वाहत्या पाण्याखाली पूर्ण १५ मिनिटं धुवायची. घड्याळ लावून बघा, १५ मिनिटं फार मोठी असतात आणि बहुतेक जण दोन मिनिटांत थांबतात. हळद, मिरची, चुना काहीही लावायचं नाही.

आता पकडणं. पाठलाग केला की खेळ संपला. जखमी कुत्रं एकदा पळालं की दोन दिवस दिसत नाही, आणि ते दोन दिवस अळ्यांचे. रोज खायला घालणारी व्यक्ती सोबत हवीच. तिच्या हातून उकडलेली कलेजी किंवा चिकन द्यायचं, आणि गल्लीतल्या बाकीच्या कुत्र्यांना दुसऱ्या कुणीतरी वीस-पंचवीस फुटांवर खायला घालून गुंतवायचं. खाताना मान खाली असते तेव्हा स्लिप लीड, म्हणजे ओढली की आवळणारी फासाची दोरी, गळ्यात सरकवायची. लगेच ओढायची नाही. कुत्र्याला आधी एक पाऊल टाकू द्या, मग हलकेच आवळा. भिंत आणि उभी गाडी यांच्यामधली जागा सर्वांत सोयीची, कारण तिथे एकाच बाजूला माणूस लागतो. तारेचा फास किंवा मानगूट धरून उचलणं नको. फारच बिथरलं तर जाड चादर टाकून डोकं झाका.

तोंड बांधायला चार फूट लांबीची रुंद सुती पट्टी पुरते. मध्यावर मोठा सैल फास करून तो लांबून, समोरून नाही तर बाजूने, नाकाडावर चढवायचा. अर्धी गाठ नाकावर, दुसरी अर्धी गाठ हनुवटीखाली, मग दोन्ही टोकं कानांमागे नेऊन सुरगाठ, म्हणजे एका झटक्यात सोडता येईल अशी. कानामागची गाठ मारलीच नाही तर कुत्रं पंजाने दोन सेकंदांत सगळं काढून टाकतं. उलटी होत असेल, धाप लागली असेल किंवा पगसारखं चपट्या नाकाचं कुत्रं असेल तर तोंड बांधायचं नाही. बांधलेलं तोंड दहा मिनिटांच्या वर ठेवायचं नाही, मध्ये सोडून श्वास घेऊ द्यायचा, कारण कुत्रं धापा टाकूनच अंग थंड करतं.

पिशवीत काय हवं तेही सांगून टाकतो: हातमोज्यांचे चार जोड, सलाईनची ५०० मिलीची बाटली, सुई काढलेली २० मिलीची सिरिंज, बोथट टोकाचा चिमटा, गोल टोकाची कात्री, टॉर्च, गॉज, बीटाडीन, अळ्यांसाठीचा जनावरांचा स्प्रे, झाकणाचा डबा.

जखमेभोवतीच्या इंचभर जागेतले केस कापा. अंडी तिथेच असतात. केस ठेवलेत तर उद्या नवी फौज तयार. मग स्प्रे मारा आणि थांबा. दहा-पंधरा मिनिटं. इथे घाई करणारे लोक जिवंत अळी चिमट्याने ओढतात. ती आत घट्ट धरून असते, तुटते, अर्धी आत राहते आणि कुत्र्याला कळ जाते ती वेगळीच. स्प्रेने गुदमरल्या की त्या आपणहून वर येतात, मग एकेक उचलायची. वरचा थर संपला की टॉर्च तिरपा धरून आत बघा. कडेला खिसे असतात, आणि हलत नसलेली काळपट टोकं म्हणजेही अळ्याच. सिरिंजने सलाईन जोर न लावता आत सोडा, बाहेर पडू द्या, पुन्हा सोडा. २०० मिली तरी लागतं, मोठ्या जखमेला सगळी बाटली. शेवटी बीटाडीन फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून धुवा. घट्ट बीटाडीन नव्या पेशींनाही जाळतं. हायड्रोजन पेरॉक्साइड फेसाळतं म्हणून लोकांना साफ झाल्यासारखं वाटतं, पण तेही ताज्या मांसाला इजा करतं.

कान असेल तर पट्टीने तो डोक्यावर दुमडून बांधा, नाहीतर डोकं झटकून कुत्रं सगळ्या भिंतीवर रक्त उडवतं आणि जखम पुन्हा उघडते. गळ्याकडून जाणाऱ्या पट्टीखाली दोन बोटं गेली पाहिजेत. बाकी ठिकाणी रस्त्यावरच्या कुत्र्याची पट्टी सहसा टिकत नाही. ती पावसात भिजली तर आत ओल धरते आणि माश्यांना आमंत्रण देते. उघडी जखम, कडेने माश्या दूर ठेवणारं मलम आणि रोजची भेट हेच बरं.

एका दिवसात काम होत नाही. दुसऱ्या दिवशी गेलात की पुन्हा अळ्या दिसतात आणि लोक खचतात. त्या नव्याने लागलेल्या नसतात, खोल राहिलेल्या किंवा उरलेल्या अंड्यांतल्या असतात. सलग तीन ते पाच दिवस धुवायचंच, आणि अळ्या दिसल्या नाहीत तरी त्यापुढे दोन दिवस तपासायचं.

जखमेत काय घालायचं नाही? फिनाईल, रॉकेल, पेट्रोल, तंबाखूचं पाणी, चुना. कुत्रं जखम चाटतं, त्यामुळे जे लावाल ते पोटात जाणार असं धरूनच चाला. टर्पेंटाइनचे थेंब पूर्वीपासून वापरतात, पण खोल जखमेत ओतलं की आग होते आणि पुढच्या वेळी ते कुत्रं तुम्हाला जवळ येऊ देत नाही. कापूर खोबरेल तेलात घालून लावतात, तोही चाटल्यावर विषारी. अळ्यांची जी पावडर मिळते तिच्यात बहुधा कुमाफॉस आणि प्रोपॉक्सर ही कीटकनाशकं असतात. चिमूटभर कडेला ठीक, पण जखम भरून टाकली आणि कुत्र्याने चाटली तर लाळ गळते, अंग थरथरतं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या होतात. तसं दिसलं तर पाणी पाजत बसू नका, डबीसकट दवाखान्यात न्या. मांजरांना आणि लहान पिल्लांना ही पावडर लावूच नये. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन डॉक्टरांनीच वजन बघून द्यावं. कोलीसारख्या जातींना ते मेंदूपर्यंत पोचून घातक ठरतं.

क्रोसिन, ब्रुफेन, डायक्लोफेनॅक अशा घरातल्या गोळ्या तर नकोतच. ब्रुफेन आणि डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडनी जाते. मांजरासाठी पॅरासिटामॉलची एक गोळी प्राणघातक ठरू शकते.

काही जखमा रस्त्यावर साफ करायच्या नसतात. डोळा, तोंडाच्या आत, गुदद्वार, हाड किंवा पोटाचा पडदा दिसणारी जखम, हिरड्या पांढऱ्या पडलेल्या, उठवूनही न उठणारं कुत्रं: हे सगळं थेट दवाखान्यात, कारण तिथे भूल देऊन साफ करावं लागतं. हिरडीवर बोट दाबून सोडा. दोन सेकंदांत गुलाबी रंग परत आला नाही तर वेळ कमी आहे. अर्धवट शुद्धीतल्या कुत्र्याच्या तोंडात पाणी किंवा ग्लुकोज ओतू नका, ते फुप्फुसात जातं.

डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं तर पाच-सात दिवसांचा कोर्स खायला घालणाऱ्या व्यक्तीवर अवलंबून असतो. गोळी पनीरमध्ये किंवा उकडलेल्या अंड्याच्या पिवळ्या बलकात दडवा आणि तीन घास करा: पहिला रिकामा, दुसऱ्यात गोळी, तिसरा हातात दिसत राहील असा. तिसऱ्याच्या ओढीने दुसरा चावत बसत नाही. ओंजळीत वास घेऊन गोळी बाजूला काढणारं कुत्रंही याला फसतं. गोळी त्याच कुत्र्याच्या पोटात गेली हे डोळ्यांनी बघूनच हला.

घरातल्या कुत्र्यांनाही हे होतं, हे पालकांच्या पचनी पडत नाही. शिह त्झू, ल्हासा, गोल्डन रिट्रीव्हर अशा लांब केसांच्या जातींच्या मांडीच्या सांध्यात आणि शेपटीखाली केसांची जट धरते, त्यात लघवी किंवा पातळ शी अडकते आणि खालची कातडी भिजून फुटते. म्हाताऱ्या, फार न हलणाऱ्या कुत्र्यांना धोका जास्त. पावसाळ्यात त्या जागचे केस आखूड ठेवा, फिरून आल्यावर बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या करा आणि दोन दिवसांतून एकदा सगळ्या अंगावरून हात फिरवा, नजर नव्हे.

जखमेचा तळ लाल, दाणेदार दिसायला लागला, वास गेला आणि कडा आत सरकायला लागल्या की ती भरतेय. दवाखान्यात ठेवलेलं असेल तर बरं झाल्यावर त्याच गल्लीत सोडा. दुसऱ्या टोळीच्या हद्दीत सोडलं तर आठवड्यात नव्या चाव्यांनिशी पडलेलं सापडतं. २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियमही नसबंदी आणि लसीकरणानंतर मूळ जागीच सोडायला सांगतात. शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं अशा आवारांसाठी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये वेगळे निर्देश दिलेत, तिथलं कुत्रं असेल तर ते आधी बघा. आणि नराच्या कानाला नसबंदीचा कट नसेल, जखम मानेवरच्या चाव्याची असेल, तर वजन भरून आल्यावर त्याचं नाव नसबंदीच्या यादीत घाला. ते चावे बहुतेकदा माजावर आलेल्या मादीवरून झालेल्या भांडणातले असतात. त्या गल्लीतल्या माद्यांचीही नावं त्याच दिवशी लिहून घ्या.