स्विच-ऑनच्या खोलीत

ऑपरेशननं बसवलेलं ऐकण्याचं यंत्र पहिल्यांदा चालू करायचं, तो स्विच-ऑन. त्याला घरचे सगळे येतात. त्या दिवशी आई-वडील, आजोबा, मामा, आणि दोघांचे मोबाइल आधीच व्हिडिओवर. पोरगं तीन वर्षांचं, जन्मापासून ऐकू न येणारं. बेरात, म्हणजे आवाजाला कानाची नस आणि मेंदू प्रतिसाद देतात का या तपासणीत, प्रतिसाद नाही, श्रवणयंत्र लावून पाहिलं तरी फरक नाही. शेवटी दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांट (आतल्या कानात बसवायचं, ऐकण्याच्या नसेला थेट विजेचे संकेत देणारं यंत्र) मंजूर झालं. ऑपरेशनची जखम आता भरली होती.

"मॅडम, आज बोलंल का ह्यो?" आजोबांनी विचारलं.

यंत्र लागलं, बाळ हसलं, आई रडली. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या असल्या व्हिडिओंनी आम्हा श्रवणतज्ज्ञांचं काम अवघड करून ठेवलंय.

"आजोबा, आज नुसतं ऐकायला सुरुवात. बोलणं पुढं."

यंत्राच्या बाहेरच्या भागाची चकती, म्हणजे कॉइल, डोक्याला चिकटली. कानात बसवलेल्या २२ इलेक्ट्रोडचा इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) तपासला, सगळे ठीक. मग अगदी कमी करंटपासून एकेक पायरी चढवत गेले. पोरगं खांबावर रिंगा घालत होतं आणि मी त्याच्या हातांकडे बघत होते. काही नाही. अजून एक पायरी, आणि हिरवी रिंग हातातच थांबली. डोळे एका जागी. क्षणभरानं खेळ परत सुरू.

"काही झालंच नाही की," मामा म्हणाले. त्याच पातळीवर पुन्हा दिलं, पुन्हा रिंग थांबली. या वेळी आईनं पाहिलं.

माइक चालू केला तशी मामांनी (कुणी सांगितलं होतं!) टाळी वाजवली. पोरानं भोकाड पसरलं, कॉइल ओढून काढली. आजोबांचा चेहरा उतरला, मी मात्र खूश. न ऐकणारं पोर टाळीला रडत नाही.

मग खरं बोलणं सुरू झालं. मॅपिंगला, म्हणजे करंटच्या पातळ्या जुळवून घ्यायला, पुन्हा पुन्हा यावं लागेल, थेरपी काही वर्षं चालेल, झोप आणि आंघोळ सोडून यंत्र काढायचं नाही. वॉरंटी संपली की केबल, दुरुस्ती घरच्यांच्या माथी, हेही मी पहिल्याच दिवशी सांगते. काहींना ते कठोर वाटतं; वाटू दे.

त्याला ऐकू येतंय का हे बघायला घरी रोज आ, ई, ऊ, म, श, स म्हणायचं. शेजारी बसून, ओठ न दाखवता.

"माझ्या मिशांत दिसत्यातच कुठं," आजोबा म्हणाले आणि तिथंच सुरू झाले. कवळीमुळं त्यांचा 'स' 'श'सारखाच यायचा. तो आईनं म्हणायचा, असं ठरलं.