मी दुप्पट सांगायचो, मॅडम निम्मं करायच्या

आमची कंपनी म्हणजे हिंजवडीतली काचेची बिल्डिंग वगैरे काही नाही. बाणेर रोडला दुसरा मजला, पंचवीसेक माणसं, आणि एक बिलिंगचं सॉफ्टवेअर जे भोसरी-चाकणकडचे छोटे कारखानदार आणि डिस्ट्रिब्युटर लोक वर्षानुवर्षं वापरतायत. मी डेव्हलपर. प्रोजेक्ट मॅनेजर म्हणजे आमच्या मॅडम, मूळच्या सोलापूरच्या, माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठ्या, कोडची एक ओळ कधी लिहिलेली नाही, आधी आठ वर्षं सपोर्टला फोन उचलायच्या. ते सपोर्टचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. माझ्या तर तेव्हा डोक्यातच नव्हतं.

आमचं दोघांचं चालायचं असं, की मॅडम विचारणार "अरे, किती दिवस?" मला मनात वाटणार तीन, मी सांगणार सहा. मॅडम शीटमध्ये तीन लिहिणार. काम व्हायला चार-साडेचार लागणार, मग मी म्हणणार मी तर सहा सांगितलेले, त्या म्हणणार एक दिवस लेट झालास, आणि दोघंही थोडंथोडं कुरकुरून पुढच्या कामाला लागणार. मंडईत भाजीवाला साठ म्हणतो, आपण तीस म्हणतो, पंचेचाळीसला पिशवीत पडते, तसंच. दोघांनाही माहीत होतं, बोलायचं कोणीच नाही. तीन वर्षं असंच निवांत चाललं आणि खरं सांगू का, चाललंही बरं.

मग १ ऑगस्ट २०२२ ला जीएसटीचं नोटिफिकेशन आलं. ज्यांची उलाढाल १० कोटींच्या वर आहे त्या सगळ्यांना १ ऑक्टोबरपासून ई-इनव्हॉइस कंपल्सरी. त्याआधी ही मर्यादा २० कोटी होती आणि आमचे क्लायंट बहुतेक त्याच्या खालचे, त्यामुळे आम्ही दोन वर्षं "बघू नंतर" करत बसलेलो. आता एकदम चाळीसेक क्लायंट त्यात आले. हातात दोन महिने.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ई-इनव्हॉइस म्हणजे बिल सरकारच्या साइटवर जाऊन बनवायचं असं नाही. बिल तुमच्याच सॉफ्टवेअरमध्ये बनतं, मग ते ठरलेल्या फॉरमॅटच्या जेसन फाइलमध्ये सरकारी पोर्टलला पाठवायचं, तिकडून ६४ अक्षरांचा एक आयआरएन, म्हणजे बिलाचा सरकारी नोंदणी नंबर, आणि सही केलेला क्यूआर कोड परत येतो, तो क्यूआर बिलावर छापायचा. हे एका धंद्याने दुसऱ्या धंद्याला केलेल्या विक्रीचं, दुकानातल्या गिऱ्हाइकाचं नाही. चुकलं तर २४ तासांच्या आत कॅन्सल करता येतं, दुरुस्ती नाहीच. २४ तास उलटले की क्रेडिट नोट काढा.

मॅडमनी विचारलं किती दिवस. आता ही सरकारी तारीख, क्लायंटला दंड लागू शकतो, म्हणून मी म्हणलं ह्यावेळी नाटक नको. बसून नीट हिशोब केला आणि सांगितलं वीस दिवस. खरे वीस, एक दिवस वर नाही, की गणपतीपर्यंत संपेल आणि सप्टेंबर टेस्टिंगला मिळेल. मॅडमनी सवयीने शीटमध्ये दहा लिहिले.

मला हे कळलं १७ ऑगस्टला, ग्रुपवर. सेल्सच्या एका पोराने टाकलं, सोमवारी २२ ला अमुक क्लायंटकडे ई-इनव्हॉइसचा डेमो आहे, बिल्ड तयार ठेवा. माझ्याकडे त्यादिवशी सँडबॉक्समध्ये, म्हणजे पोर्टलच्या चाचणीच्या जागेत, एक बिल जात होतं, तेही हाताने टाइप केलेलं. माझं डोकंच सटकलं. मॅडम खाली टपरीवर चहाला गेलेल्या, तिथेच गाठलं. पार्किंगवाला वॉचमन पण उभा राहून ऐकत होता.

"मी वीस सांगितलेले."

"तू कायम दुप्पट सांगतोस ना रे? मग मी निम्मे केले."

"ह्यावेळी खरे सांगितलेले!"

"मग तसं सांगायचं की. ह्यावेळी खरं सांगतोय म्हणून."

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे मनात भरपूर होती, पण तीन वर्षं रोज ज्या माणसाला आपण फुगवून सांगतोय त्याच्यावर कुठल्या तोंडाने ओरडणार. चहाचे पैसे त्यांनीच दिले, तेही जरा जास्तच लागलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम स्वतःची खुर्ची ढकलत माझ्या डेस्कशी आल्या, हातात ती सपोर्टच्या काळातली लांबट वही. म्हणाल्या, किती दिवस ते विचारत नाही, काय काय आहे ते एकेक सांग. मी सुरू केलं, जेसन बनवणं, पोर्टलशी बोलणं, आयआरएन सेव्ह करणं, क्यूआर छापणं, कॅन्सल. त्या लिहीत होत्या. मध्येच त्यांनी विचारलं, "पार्टी मास्टरमध्ये पिनकोड किती जणांनी भरलाय?"

पार्टी मास्टर म्हणजे क्लायंटच्या खरेदीदारांची यादी. मी म्हणलं, भरलाच असेल.

"होय की, भरलाच असेल," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं ते मी विसरणार नाही. पोर्टलला खरेदीदाराचा पिनकोड लागतोच, आणि तो राज्याच्या कोडशी जुळला नाही तर बिल परत येतं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये पिनकोडचा रकाना पहिल्यापासून ऐच्छिक. एका क्लायंटचा बॅकअप टेस्टिंगला होता त्याच्यावर क्वेरी मारली, निम्म्याहून जास्त रकाने रिकामे. काहींमध्ये नुसतं ४११. एकात मोबाइल नंबर.

मग त्या सुरूच झाल्या. चाकणच्या एकाची बिलं शून्यापासून सुरू होतात, ०००१, चालेल का? नाही चालत, पोर्टल शून्याने, तिरक्या रेघेने किंवा डॅशने सुरू होणारा नंबर घेतच नाही. दुसरा एक बिलाच्या नंबरात कंपनीचं नाव, गाव, वर्ष सगळं घालतो. १६ अक्षरांच्या वर जाताच येत नाही, आणि हा नियम ई-इनव्हॉइसचा पण नाही, जीएसटी आल्यापासूनचा, म्हणजे हा गृहस्थ पाच वर्षं बिनधास्त चुकीची बिलं काढतोय आणि आमचं सॉफ्टवेअर त्याला काढू देतंय. एचएसएन कोड, म्हणजे माल कुठल्या प्रकारचा त्याचा नंबर, चार आकडी टाकलेत लोकांनी, पाच कोटींच्या वर सहा आकडी लागतो. आणि शेवटी, "भोसरीतले निम्मे लोक डॉट मॅट्रिक्सवर छापतात, त्याच्यावर तुझा क्यूआर कसा येणार?"

आमचं जुनं प्रिंटिंग टेक्स्ट मोडमधलं, प्रिंटरला नुसती अक्षरं जातात, चित्र जातच नाही. हे माझ्या वीस दिवसांत कुठेच नव्हतं. म्हणजे ज्या वीस दिवसांसाठी मी टपरीवर तमाशा केला ते वीस पण खोटेच होते, फक्त ह्यावेळी मला माहीत नव्हतं. आणि ज्या बाईला हे सगळं पाठ होतं तिला मी तीन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं, कारण माझ्या मते त्या म्हणजे शीट भरणाऱ्या.

अर्थात त्यांनीही हे १ ऑगस्टला का नाही सांगितलं असं मी विचारलंच. तर म्हणे, "मला वाटलं तुम्ही कोडवाले ते धरूनच सांगता." घ्या.

२२ चा डेमो त्यांनी रद्द केला. क्लायंटच्या मालकाला स्वतः फोन लावला, स्पीकरवर, मी शेजारीच. तो माणूस सात-आठ मिनिटं नुसता तापला होता. सेल्सवाला काय बोलला, आम्ही दरवर्षी एएमसी, म्हणजे देखभालीचे पैसे, कशाला भरतो, दुसरं सॉफ्टवेअर घेऊ का. मॅडम मधूनमधून "बरोबर आहे साहेब" म्हणत होत्या आणि तो थांबल्यावर अगदी शांतपणे म्हणाल्या, तारीख मी चुकीची दिली, आणि तुमच्या १,१०० पार्ट्यांपैकी ६०० जणांचे पिनकोड नाहीत, ते आजपासून भरायला घेतले तरच १ तारीख गाठता येईल. माझं नाव कुठेही नाही. मी तर सवयीने वाट बघत होतो की आता "डेव्हलपरकडून जरा उशीर" हे वाक्य येणार.

मोठ्या साहेबांनी नेहमीप्रमाणे दोन फ्रेशर देऊ केले, म्हणजे काम लवकर होईल. मी मॅडमना ऐकवलं की आयबीएमच्या फ्रेड ब्रुक्स ह्या माणसाने १९७५ मध्येच लिहून ठेवलंय, उशीर झालेल्या प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की अजून उशीर होतो. मॅडम म्हणाल्या, "ते राहू दे, पोरं ठेवून घे आणि पिनकोडला बसव." कोडला त्यांचा हात लागू दिला नाही, तीन आठवडे दोघं फोन लावून पत्ते गोळा करत होती. ब्रुक्सने ह्याचा विचार केला होता का कोण जाणे.

३१ ऑगस्टला गणपती बसले. कोविडनंतर पहिल्यांदाच निर्बंधांशिवाय उत्सव, अख्खं पुणे रस्त्यावर आणि मी डॉट मॅट्रिक्सच्या पिना मोजतोय. ग्राफिक मोडमध्ये क्यूआर आला, पण एक बिल छापायला इतका वेळ लागायचा की मध्ये चहा व्हायचा. ह्याच्यावर लिहिण्यासारखं काही नाही, नुसती डोकेफोड.

लिहिण्यासारखं आहे ते टाइमआउटचं, म्हणजे उत्तर यायच्या आधीच कनेक्शन तुटण्याचं. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सगळं चालायला लागलेलं, मॅडम म्हणाल्या आता झालं ना. मी म्हणलं नाही, अजून चार दिवस. पूर्वी असं बोललो असतो तर त्यांनी दोन लिहिले असते. ह्यावेळी म्हणाल्या, दाखव. मी बिल पाठवलं आणि मध्येच वायफाय बंद केलं. पोर्टलकडे आयआरएन तयार झाला, आमच्याकडे आलाच नाही. परत पाठवलं तर पोर्टल म्हणतं डुप्लिकेट आयआरएन. आता क्लायंटकडे नंबरही नाही, क्यूआरही नाही, ट्रक गेटवर उभा. मॅडमनी दोन सेकंद विचार केला आणि म्हणाल्या, "म्हणजे पार्सल पोचलंय पण पोचपावती हरवली." अगदी तेच. बिलाच्या नंबरावरून पोर्टलला परत विचारायचं आणि पावती मागून घ्यायची. शीटमध्ये चार लिहिले. लागले पाच. त्यावर कोणी काही बोललं नाही.

ह्या सगळ्यात आमचे सूर फार जुळले वगैरे समजू नका. रोज सकाळी दहाला पंधरा मिनिटांची स्टँडअप मीटिंग म्हणून जे असतं ते पस्तीस मिनिटं चालायचं, आणि मी हेडफोन लावलेला असताना खांद्यावर टकटक करून "एक मिनिट" म्हणणं त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. मीही दोनदा "झालंय" म्हणून सांगितलं तेव्हा फक्त माझ्या मशीनवर झालेलं होतं.

१ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी साडेदहाच्या आसपास चाकणच्या त्याच शून्यवाल्याचं पहिलं बिल गेलं, नवी सिरीज, पुढे एस लावून. आयआरएन आला. दिवसभरात सत्तावीस क्लायंट चालू झाले, बाकीच्यांची शनिवारी बिलंच नव्हती. भोसरीत एकाचा क्यूआर स्कॅन होईना, तासभर कोड तपासला, शेवटी कळलं रिबन दिवाळीपासूनची आहे. कुठल्या दिवाळीपासूनची ते विचारलं नाही.

त्याच रात्री चांदणी चौकातला जुना पूल पाडणार होते, ११ पासून रस्ता बंद. मॅडम राहतात वारज्याला, त्यांना तिकडूनच जायचं. साडेनऊला मी म्हणलं तुम्ही निघा, मी बघतो. त्या निघाल्या आणि बावधनला ट्रॅफिकमध्ये अडकून तिथूनच दोन क्लायंटचे फोन घेतले. मी घरी कोथरूडला आलो, रात्री १ वाजता टीव्हीवर लाइव्ह बघत बसलो. ६०० किलो स्फोटकं, धूर-धुरळा झाला, आणि पूल काही पूर्ण पडला नाही, लोखंड तसंच लटकत राहिलं, मग रात्रभर पोकलेन लावून पाडला. एक वाजून दहा मिनिटांनी मॅडमचा व्हॉट्सॲप आला, "आपला प्रिंटचा कोड ह्याच कंत्राटदाराने लिहिलाय का?"

पुढच्या वर्षी १० मे ला परत नोटिफिकेशन, मर्यादा आता पाच कोटी, १ ऑगस्टपासून. मॅडमनी किती दिवस विचारलंच नाही, वही घेऊन आल्या. पण परवा त्या नवीन पोराच्या डेस्कशी उभ्या होत्या. ह्याच दोन फ्रेशरमधला एक, आता कोड लिहितो. त्याने एका रिपोर्टचे आठ दिवस सांगितले. तो चार दिवसांचा आहे हे मला माहीत आहे. मॅडमनी शीटमध्ये चार लिहिले. मी हेडफोन लावला.